दोनशेवर चार्ज

सर्जेराव मुळीकने पाण्याचा स्टीलचा जग बिलाच्या काउंटरवर फेकला तेव्हा मी जिन्याच्या मधल्या वळणावर होते. काच फुटली. आत बसलेले आमचे बिलाचे कारकून लोखंडे खुर्चीसकट मागच्या कपाटावर जाऊन आदळले. त्यांना सावरायलाही वेळ न देता सर्जेरावने फुटक्या काचेतून हात घातला, त्यांची कॉलर धरली आणि त्यांचं तोंड आपल्या मोबाईलजवळ ओढून आणलं. काचेने त्याचं मनगट कापलं होतं. रक्त लोखंड्यांच्या शर्टावर गळत होतं आणि त्याचं त्याला भानही नव्हतं.

"वाच. मोठ्यानं वाच."

"हातमोजे, निर्जंतुक, एक जोड," लोखंडे म्हणाले.

"आनि ह्यो मेसेज?"

"हातमोजे, निर्जंतुक, एक जोड."

"आनि ह्यो?"

"हात... मोजे."

"सकाळधरनं मला माझा भाऊ दावला न्हाईसा. नुसतं हातमोजं दावताय व्हय रं!"

औषधांच्या रांगेतला एक जण हसला. सर्जेरावने वळून त्याला अशी ठेवून दिली की तो बाकड्यावर पडला. मग कुणी हसलं नाही.

विट्याच्या त्या दवाखान्यात मी आयसीयूची इन्चार्ज सिस्टर होते. उंचीला मी बेताचीच, पण आवाज देवाने हात सैल सोडून दिलेला. मिरजेच्या चर्चमध्ये माझा आवाज दाबायला गायकवृंदाला जास्तीची माणसं घ्यावी लागत. त्याच आवाजात मी जिन्यावरून ओरडले, "सर्जेराव! कॉलर सोडा! तुमचा भाऊ वर शुद्धीवर आहे, आणि तुम्ही इथं माणसं मारताय?"

त्याने कॉलर सोडली. लोखंडे टेबलाखाली गेले ते मी पुन्हा हाक मारेपर्यंत वर आले नाहीत.

"सातपुते सिस्टर," तो म्हणाला, "मला फकस्त एवढं सांगा, दादा जित्ता हाय का न्हाई?"

"आहे म्हणून सांगितलं ना."

"मग दावत का न्हाईसा?"

खरं सांगते, त्या क्षणी मला त्याचा राग आला होता आणि त्याचं म्हणणं पटलंही होतं. भेटायची वेळ चारची, हा आमचा नियम. पण सकाळपासून त्याला भावाच्या जागी काय दिसलं होतं, तर टुंग टुंग वाजणारा मोबाईल.

ते टुंग प्रकरण काय होतं ते सांगायला हवं. सहा-सात महिन्यांपूर्वी पुण्याहून एक गृहस्थ लॅपटॉप घेऊन आमच्या शिरगुप्पे डॉक्टरांकडे आले होते. दोन दिवस ते आयसीयूच्या कोपऱ्यात बसून राहिले आणि मग मला म्हणाले, "सिस्टर, तुमच्याकडे फार गळती आहे." मी छताकडे बघितलं. तसं नव्हे, म्हणाले. आपण रुग्णाला सिरिंज वापरतो, हातमोजे वापरतो, घाईत लिहायचं राहतं, आणि बिलात ती वस्तू येतच नाही. ती गळती. मग त्यांनी आम्हाला एक टॅब दिला. प्रत्येक वस्तूवर पट्ट्यापट्ट्यांचं लेबल. टॅब समोर धरला की वस्तू आपोआप बिलात. ज्याला लेबल नाही, म्हणजे नळी घालणं, शॉक देणं असली कामं, त्यांच्यासाठी टॅबवर एक बटण. ते दाबलं की त्या सगळ्याला एकच नाव, 'प्रोसिजर चार्ज'. "आधी स्कॅन, मग वापर," हे त्यांनी माझ्या पोरींकडून शाळेतल्या पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं.

नातेवाइकांना मेसेज पाठवायची कल्पना मात्र डॉक्टरांची स्वतःची. माणूस सरळ होता. बिलात खोट्या वस्तू घालता असं कुणी म्हटलेलं त्यांच्या जिव्हारी लागायचं. "जे वापरलं ते त्याच क्षणी त्यांना कळू दे," ते म्हणाले. "कुणाच्या मनात संशयच राहणार नाही." कधीकधी नेट जायचं, मेसेज अडकून राहायचे आणि नेट आलं की ढिगाने जायचे. एरवी वस्तू हातात घेतली की खाली कुणाच्या तरी खिशात टुंग व्हायचं.

आणि हे असलं यंत्र आलं कुणाच्या वाट्याला, तर मुळीकांच्या. दोघे भाऊ गलाईवाले. कोइमतूरला त्यांचं सोनं गाळायचं दुकान. दुकानातली जमीन झाडून, त्या कचऱ्यातनं सोन्याचा कण न् कण परत काढणारी माणसं ही. थोरला धोंडीराम गावच्या जत्रेला म्हणून आला होता. त्या सकाळी छातीत कळ आली आणि गावातली पाच-सहा माणसं त्याला जीपमध्ये घालून आमच्याकडे घेऊन आली. डॉक्टरांनी रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं, कळ थांबली, आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला.

मी सर्जेरावच्या मनगटाला पट्टी बांधली. बांधता बांधता तो म्हणाला, "सिस्टर, आमी काय येडं न्हाई. मेलेल्या मानसाला यंत्रावर ठिवत्यात आनि बिल फुगवत्यात, हे काय आमी ऐकलं न्हाई व्हय?"

"आमच्याकडे असलं चालत नाही."

"चालत न्हाई तर बरंच हाय. पर ऐका. दादाचा जीव गेल्यावर ह्या मोबाईलवर एक, नुसता एक मेसेज जरी आला, तर ह्यो दवाखाना उभा ऱ्हात न्हाई. आईची आन हाय मला."

तो ओरडून बोलला असता तर मी ओरडून उत्तर दिलं असतं. पण तो हळू बोलला. मला भीती वाटली.

"वर चला," मी म्हणाले. "काचेतून बघा त्यांना. आणि तिथंच दाराशी बसा. काही कमीजास्त झालंच तर मी स्वतः बाहेर येऊन सांगेन. मी येत नाही तोवर तुमचा भाऊ आहे असं समजायचं."

"शबुद?"

"शब्द."

दाराबाहेर धोंडीरामची बायको सुलोचनाबाई जमिनीवर बसून होत्या. डोईवरचा पदर गालापर्यंत ओढलेला. सर्जेरावने दाराच्या काचेला नाक लावलं. आत धोंडीरामने त्याला बघितलं आणि सलाईन नसलेला हात वर केला. सर्जेराव एवढा धिप्पाड, तालमीत वाढलेला गडी, पण त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी आत गेले आणि दार ओढून घेतलं.

"काय फोडलं त्येनं?" धोंडीरामने मला विचारलं. खालचा आवाज वरपर्यंत आला होता म्हणायचा.

"काउंटरची काच. आणि एका माणसाचा गाल."

तो हसला. हसताना छातीवर हात ठेवला. "त्याला रागं भरू नगा. आईबा गेलं तवा ह्यो एवढुसा हुता. आमच्या सुलीनंच त्येला न्हाऊमाखू घातलंय. माझ्या अंगाला कुनी हात लावला की ह्येच्या डोस्क्यात आग जाती. एकडाव बाजारात एकानं मला नुसतं ढकललं, तर ह्यानं त्येचा कान..."

कानाचं काय झालं ते मला कधीच कळलं नाही. त्याचे डोळे वर गेले, मान कलंडली आणि भिंतीवरचा मॉनिटर किंचाळायला लागला.

"पल्स गेली!" मी ओरडले. पलंगाची फळी खाली पाडली, दोन्ही हात त्याच्या छातीवर ठेवून दाबायला लागले. शिरगुप्पे डॉक्टर शेजारच्या खोलीतून धावत आले. माझी ज्युनियर प्रणिता शॉकच्या यंत्राची ट्रॉली ओढत आली. सगळ्या दवाखान्यात ते एकच यंत्र होतं. हृदय नुसतं थरथरत असेल, ठोका देत नसेल, तर त्याला विजेचा झटका द्यावा लागतो. त्या यंत्रात आधी वीज भरावी लागते, आणि त्याला आम्ही सगळे चार्ज करणं म्हणतो.

"दोनशेवर चार्ज कर!" डॉक्टर ओरडले.

प्रणिताने यंत्राचं बटण दाबलं. आणि मग त्या पोरीने पाढा आठवून टॅबवरचंही बटण दाबलं. आधी स्कॅन, मग वापर.

"टॅब फेक तो!" मी म्हणाले. पण व्हायचं ते झालं होतं.

"बाजूला व्हा!" झटका बसला. काही नाही. मी पुन्हा दाबायला लागले.

"गेलेलाच आहे अजून," मॉनिटरकडे बघत डॉक्टर म्हणाले. त्यांना म्हणायचं होतं की पल्स अजून आलेली नाही, रिदम, म्हणजे हृदयाचा ताल, गेलेलाच आहे. "परत चार्ज कर. वाढव. चार्ज, चार्ज, लवकर!"

दाराबाहेर काय ऐकू गेलं ते सुलोचनाबाईंनी मला पुढे कधीतरी सांगितलं. त्यांना ऐकू गेलं, गेली. मग ऐकू गेलं, चार्ज कर, दोनशे. मग सर्जेरावच्या हातातला मोबाईल वाजला आणि त्यावर लिहिलं होतं, प्रोसिजर चार्ज. मग डॉक्टरांचा आवाज आला, गेलेलाच आहे, परत चार्ज कर, वाढव.

आणि शब्द देऊनही मी काही बाहेर येऊन सांगितलं नव्हतं. मी येऊ शकत नव्हते. माझे दोन्ही हात त्याच्या भावाच्या छातीवर होते.

पहिल्या लाथेला दाराची कडी उखडली. दुसऱ्या लाथेला दार भिंतीवर आपटलं. सर्जेराव आत आला तो सरळ डॉक्टरांवर. "मेलेल्या मानसाला चार्ज लावतोस व्हय रं, रांडंच्या!" दाराशेजारचा सलाईनचा लोखंडी स्टँड त्याने उपटला आणि आडवा फिरवला. डॉक्टरांच्या नाकाच्या मुळाशी तो बसला. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. ते गुडघ्यावर आले, आणि त्याने दुसरा वार केला, तो भुवईवर. रक्त इतकं आलं की तो डोळा दिसेनासा झाला.

गावातून आलेले गडी खालून धावत वर आले. येता येता खाली त्यांनी काउंटर उलथा केला, कॉम्प्युटर आपटले, नेटची पेटी भिंतीवरून ओढून काढली. वर येऊन एकाने औषधांचं कपाट पाडलं. प्रणिता यंत्र धरून उभी होती. तिला एकाने वेणीला धरून फरफटत भिंतीपर्यंत नेलं आणि तिचं डोकं टाइल्सवर आपटलं. मरताना माणूस आईला हाक मारतो तशी ती ओरडली. मी छाती दाबणं सोडलं नाही. सोडलं असतं तर तो तिथंच संपला असता. माझ्या पाठीत एक गुद्दा बसला, मग दुसरा. मी मोजत होते ते गुद्दे नव्हेत, छातीवरचे दाब.

मग सर्जेरावने मला दंडाला धरून बाजूला भिरकावलं. मी ऑक्सिजनच्या सिलिंडरवर पडले. तो पलंगावर चढला, भावाच्या अंगावर पालथा पडला आणि त्याला दोन्ही हातांनी कवळलं.

"कुनी हात लावायचा न्हाई माझ्या दादाला! पुरं झालं! कुनी हात लावायचा न्हाई!"

यंत्र भरलं होतं. भरलं की ते एकसारखं टीं करत राहतं. ते टीं करत होतं. डॉक्टर खाली रक्तात चाचपडत होते. झटका द्यायला हवा होता, तोही आत्ता, आणि सर्जेराव भावाच्या अंगावरून हलत नव्हता. त्याच्यासकट झटका दिला असता तर भावाला गुण आला नसताच, पण दोघांचंही काय झालं असतं सांगता येत नाही.

सिलिंडर उघडायचा लोखंडी पाना माझ्या हाताला लागला. मी तो त्याच्या खांद्यावर घातला. सगळा जोर लावून घातला. तो हललासुद्धा नाही. मी आणखी एकदा घातला. नुसता हुंकार आला.

दारात सुलोचनाबाई उभ्या होत्या. मी त्यांना ओरडले, "बाई, मेले नाहीत ते! वाचतील अजून! ह्याला ओढा खाली!"

"चार्ज... चार्ज म्हनत्यात न्हवं..." त्या पुटपुटल्या.

"अहो, पैशाचा नव्हे! मोबाईलचा! मोबाईलला चार्ज करता ना, तसं! काळीज बंद पडलंय त्यांचं, त्याला करंट द्यायचाय! करंटचा चार्ज!"

मी आजवर पुष्कळ माणसांना पुष्कळ गोष्टी समजावल्या, पण समजलेलं माणूस असं मी पुन्हा बघितलं नाही. त्यांनी पदर कमरेला खोवला आणि चार पावलांत पलंगाशी आल्या.

"भावजी, उठा."

तो हलला नाही.

त्यांनी त्याच्या डोक्याचे केस दोन्ही मुठींत धरले. "सर्जा! ऊठ म्हनते न्हवं! ऊठ रं!" आणि ओढलं. तो हात सोडेना, तर त्या वाकल्या आणि त्याच्या मनगटाला, माझ्या पट्टीच्या वर, कडकडून चावल्या. तो ओरडला. मिठी सुटली. त्या बाईने त्या पहिलवान गड्याला केसांनी पलंगावरून खाली ओढलं.

मी दोन्ही हातांत शॉकची दांडकी घेतली, छातीवर दाबली आणि बटण दाबलं.

झटक्याने माणसाचं अंग पलंगावरून उडतं. बघायची सवय नसलेल्याला ते भयंकर वाटतं. सर्जेरावने जमिनीवरून ते बघितलं. आपल्या डोळ्यांदेखत भावाच्या प्रेताची विटंबना चाललीय असंच त्याला वाटलं असणार. तो पडल्या जागेवरून ओरडला आणि त्याने दोन्ही पायांनी ट्रॉलीला लाथ मारली. ट्रॉली उलटली. यंत्र काचेच्या भागावर पडलं, सरपटत गेलं, भिंतीवर आपटलं. माझ्या हातातली दांडकी तुटलेल्या वायरींसकट माझ्याच हातात राहिली.

आणि भिंतीवरच्या मॉनिटरवर एक ठोका आला. मग दुसरा. मग एकामागून एक, नीट, ओळीने.

खोलीत सगळे थांबले. प्रणिताची वेणी धरलेल्या गड्याने वेणी सोडली. धोंडीरामने मोठा श्वास घेतला, खोकला आला त्याला. डोळे उघडले. सुलोचनाबाई त्याच्या तोंडावर वाकल्या.

"सर्जा कुठंय?" तो म्हणाला. एवढंच, पण अगदी स्पष्ट.

"हितं हाय की," सर्जेराव म्हणाला. तो गुडघ्यांवर रांगत पलंगाशी आला. भावाच्या तळपायाला त्याने कपाळ लावलं आणि हमसून हमसून रडायला लागला. मीही रडले. लाज कसली त्यात. डॉक्टर भिंतीला टेकून बसले होते. एका हाताने त्यांनी डोळ्यावर टॉवेल दाबला होता आणि त्यातूनही ते हसले. "सर्जेराव," ते म्हणाले, "बघितलंत? हा चार्ज."

"चुकलं, डाक्टर. मला वाटलं..."

"राहू दे. आधी मला उठवा."

सर्जेरावने त्यांना काखेत हात घालून उठवलं. त्यांचं रक्त त्याच्या शर्टाला लागलं. कितीतरी वेळ सगळं ठीक झाल्यासारखं वाटत होतं. प्रत्यक्षात चार-पाच मिनिटंही झाली नसतील.

मग मॉनिटर पुन्हा किंचाळला.

तीच थरथर. असं होतं. पहिल्या काही तासांत हृदय पुन्हा बंद पडू शकतं, म्हणून तर यंत्र पलंगाच्या उशाशी ठेवतात. मी छातीवर हात ठेवले.

"सिस्टर, चार्ज!"

हा आवाज डॉक्टरांचा नव्हता.

"चार्ज लावा की!" सर्जेराव ओरडत होता. "दोनशे लावा, चारशे लावा, काय बी लावा, पर लावा! सिस्टर! चार्ज लावा माझ्या दादाला!"

दाबता दाबता मी फक्त भिंतीकडे बघितलं. त्याने माझ्या नजरेमागे नजर नेली. यंत्र कुशीवर पडलं होतं. पडद्याची काच चुरा झाली होती, पेटीला मोठी चीर गेली होती.

तो त्याच्यावर झेपावला. उचललं, सरळ केलं, सगळी बटणं दाबली. तुटलेल्या वायरी पेटीला लावून धरल्या. हलवलं. कानाशी नेलं. "चालू हो. ए, चालू हो रं. चालू हो!" मग त्याने पेटी कवटाळून जमिनीवर बसकण मारली.

"ते सोडा आणि इकडे या!" मी खेकसले. माझे हात भरून आले होते. "इथं ठेवा तळहात. कोपर ताठ. दाबा. खाली जोर लावून. दाबा!"

तो दाबायला लागला. तिसऱ्या-चौथ्या दाबाला बरगडी कडकन् मोडली. त्याने हात उचलला.

"मोडली वो!"

"मोडू द्या! दाबा!"

डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी समोरच्या दवाखान्यात फोन लावला. यंत्र पाठवा, म्हटलं, आत्ता पाठवा, रस्ताच तर ओलांडायचाय. पलीकडचा माणूस म्हणाला, "सिस्टर, तुमच्याकडे तोडफोड चाललीय. आम्ही आमचं शटर खाली घेतलंय. पोलीस आल्याशिवाय माझा माणूस मी तिथं पाठवणार नाही." मी त्याला काय काय शिव्या दिल्या त्या सांगत नाही. पण त्याचं काय चुकलं होतं? त्याच्या जागी मी असते तर मीही शटर खाली घेतलं असतं.

सर्जेराव दाबत राहिला. आणखी एक बरगडी मोडली, त्याने थांबून बघितलं नाही. घाम त्याच्या नाकावरून भावाच्या छातीवर पडत होता. सुलोचनाबाई नवऱ्याचा पाय धरून उभ्या होत्या. मी त्याच्या तोंडावर श्वासाचा रबरी फुगा धरून हवा देत होते, आणि डॉक्टर एका डोळ्याने मॉनिटर बघत इंजेक्शनं भरत होते.

पोलीस आले. पहिला हवालदार दारात आला तेव्हा त्याला काय दिसलं असेल? फुटलेल्या काचा, रक्ताने माखलेले डॉक्टर आणि पलंगावरच्या माणसाची छाती दोन्ही हातांनी ठेचणारा एक आडदांड गडी. त्याने विचारलंच नाही. काठी उचलली आणि सर्जेरावच्या पाठीत घातली. लगेच दुसरी घातली.

"मारू नका! वाचवतोय तो!" मी ओरडले.

सर्जेरावने वर बघितलंही नाही. कोपर ताठ, खाली जोर लावून, तो दाबत होता.

कितीतरी वेळाने डॉक्टरांनी बॅटरी मारून धोंडीरामच्या बाहुल्या बघितल्या. मग त्यांनी ती बॅटरी खिशात ठेवली. "मुळीक," ते म्हणाले, "थांबा आता."

तो थांबला नाही.

सुलोचनाबाई पुढे झाल्या. ज्या हाताला त्या चावल्या होत्या त्याच हातावर त्यांनी आपला हात ठेवला. "सर्जा. पुरं, बाळा. पुरं."

तेव्हा त्याचे हात थांबले. त्याने ते छातीवरून उचलले मात्र नाहीत. मॉनिटरवरची रेघ सरळ जात होती. आवाज मी बंद केला होता.

खाली लोखंडे सांडलेलं आवरत होते. भला माणूस, काही ना काही सरळ करत राहायची त्यांना सवय. भिंतीवरून ओढून काढलेली नेटची पेटी त्यांनी उचलली आणि वायरी परत जोडल्या.

टुंग.

हवालदाराची काठी पुन्हा वर झाली. प्रणिता भिंतीला चिकटली. मला सर्जेरावने घेतलेली आईची आन आठवली, आणि माझ्या हाताने आपोआप तो लोखंडी पाना उचलला. दुसऱ्यांदा चार्ज करताना, वेणीला हात पडायच्या आधी, त्या पोरीने टॅबवरचं बटण दाबलं असणार, आणि तोवर खाली नेटची पेटी निघाली होती. मेसेज अडकला होता तो आता सुटला होता.

सर्जेरावने रक्ताळलेल्या हाताने खिशातून मोबाईल काढला. तो सावकाश, एकेक अक्षर लावत वाचत होता. मग त्याने वर बघितलं. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. काय होतं ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं. आज मिरजेच्या घरात निवृत्त होऊन बसलेय, नातू कोपऱ्यात मोबाईल चार्जिंगला लावतो, आणि तो चेहरा माझ्यासमोर येतो. ती आशा होती.

"सिस्टर," तो म्हणाला, "चार्ज आला बगा."

त्याने मोबाईल भावाच्या छातीवर, मोडलेल्या बरगड्यांवर, हळूच ठेवला आणि भिंतीवरच्या मॉनिटरकडे तोंड वर करून उभा राहिला.

"आता बगा की, हालतंय का."

मी पाना खाली ठेवला आणि त्याच्या शेजारी उभी राहून बघितलं. खूप वेळ बघत राहिले.